कानाला दडा बसला, पण तो मळच आहे का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासरे ६८ वर्षांचे, बऱ्याच वर्षांपासून मधुमेह. रविवारी डोक्यावरून अंघोळ केली, टॉवेलने कान पुसले आणि उजव्या कानाला जो दडा बसला तो तिसऱ्या दिवशीही सुटलेला नाही. दुखत नाही, वाहत नाही. शेजारच्या काकू लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून सोडायला सांगतात. मेडिकल स्टोअरवाल्याने मळ विरघळवायचे थेंब दिले आहेत. मोठा मुलगा मोबाइलला जोडायचं कॅमेऱ्याचं कानकोरणं मागवायच्या बेतात आहे. यातलं काय करावं? शिवाय चार वर्षांच्या मुलीचे कान त्या दर रविवारी बडने साफ करतात, ते बरोबर आहे का?

ताई, सासऱ्यांच्या कानात सध्या काहीच घालू नका. तेल नको, थेंब नकोत, पाणीही नको. आज जमलं तर आज, नाहीतर उद्या त्यांना कान-नाक-घशाच्या (ईएनटी) डॉक्टरकडे न्या आणि कानात आहे तरी काय ते पाहून घ्या. तुमच्या वर्णनावरून तो मळच असण्याची शक्यता जास्त आहे, हे मी आधीच सांगतो. तरीही घाई करायला सांगतो आहे, कारण अचानक एका कानाने कमी ऐकू येण्याचं दुसरंही एक कारण असतं आणि त्यात दिवस मोजून हाती असतात.

ते कारण म्हणजे कानाच्या नसेवरचा आघात. सकाळी उठल्यावर किंवा फोन कानाला लावल्यावर माणसाच्या लक्षात येतं की एक कान बंद झालाय. दुखत नाही, वाहत नाही, नुसतं भरल्यासारखं वाटतं, कधी कधी शिट्टीसारखा आवाज येतो. घरात सगळे म्हणतात, मळ असेल. मग आठवडाभर तेल, पुढचा आठवडा थेंब, आणि ईएनटीकडे येईपर्यंत पंधरा-वीस दिवस उलटलेले असतात. या आजारात स्टेरॉइडचा उपयोग जितक्या लवकर सुरू करू तितका होतो. दोन आठवड्यांनंतर आशा बरीच कमी होते. सासऱ्यांना मधुमेह आहे म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढेल ही भीती खरी आहे, पण त्यालाही मार्ग आहे. कानाच्या पडद्यातून बारीक सुईने औषध थेट मधल्या कानात सोडता येतं. मात्र त्यासाठी आधी निदान व्हायला हवं.

घरी एक गोष्ट करून बघा. त्यांना तोंड मिटून 'हं...' असं लांब गुणगुणायला सांगा आणि आवाज कोणत्या कानात जास्त घुमतो ते विचारा. बंद झालेल्या कानात जास्त घुमला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असावा, म्हणजे मळ, पाणी किंवा सर्दीचा परिणाम. चांगल्या कानात जास्त घुमला, तर नसेचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तुम्ही स्वतः एका कानात बोट घालून गुणगुणलात तर फरक लगेच कळेल. आम्ही डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर घुमणारा दोन पायांचा धातूचा काटा, कपाळावर टेकवून हेच पाहतो. घरच्या चाचणीवर निदान ठरवायचं नसतं, पण किती घाई करायची तेवढं त्यातून कळतं.

अंघोळीनंतरच कान का बंद झाला? मळात निम्म्याहून जास्त भाग सुटलेल्या त्वचेच्या पापुद्र्यांचा असतो आणि ते पाणी पितात. कानाच्या नळीत मळ कितीही साठला तरी सुईच्या टोकाएवढी फट उघडी असेपर्यंत ऐकू व्यवस्थित येतं. माणसाला पत्ताही नसतो. मग एके दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं जातं, मळ फुगतो, उरलेली फट बंद होते आणि कान एका क्षणात बहिरा होतो. पुष्कळ जण सांगतात, "काल परवापर्यंत चांगला होता जी, आंघोळ केली अन् एकदम बंद झाला." मळ मात्र काही एका दिवसात जमलेला नसतो. तुमच्या सासऱ्यांचं चित्र या साच्यात नेमकं बसतं, म्हणूनच मी आधी शक्यता जास्त म्हटलं.

आता मळाबद्दल. तो घाण आहे या समजुतीमुळेच त्याच्यामागे पिना, काड्या आणि किल्ल्या लागल्या आहेत. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि केस फक्त बाहेरच्या भागात असतात. आतल्या हाडाच्या भागात मळ तयारच होत नाही. पडद्याजवळ मळ दिसला, तर तो बहुतेक वेळा कोणीतरी आत नेऊन ठेवलेला असतो, आणि तो 'कोणीतरी' बहुधा कानाचा मालकच असतो.

हा मळ त्वचेला तेलकट ठेवतो, धूळ आणि किडे अडवतो. तो किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जिवाणू आणि बुरशी यांना तिथे सहजासहजी थारा मिळत नाही. मधुमेहींच्या मळात हा आम्लपणा कमी आढळतो, हे सासऱ्यांच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि तो आपोआप बाहेर येतो. शरीरावर इतरत्र त्वचा जागच्या जागी वाढते आणि जागच्या जागी झडते. कानात मात्र पडद्याच्या मध्यापासून त्वचेचा थर सरकत्या जिन्यासारखा हळूहळू बाहेरच्या दिशेने चालत असतो आणि वाटेतला मळ सोबत घेऊन येतो. वेग नखाच्या वाढीइतकाच, दिवसाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याच्या आसपास. जेवताना, बोलताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. बाहेर आलेला मळ अंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने पुसला की कानाची स्वच्छता झाली. ज्यांना त्रास नाही त्यांनी याहून जास्त काही करायचं नसतं. आम्हीही ज्या कानात त्रास नाही आणि पडदा नीट दिसतो आहे, त्यातला मळ काढत नाही. पेशंटला हे पटत नाही. "दिसून राहिला न मळ, मग काढून टाका न!" असा आग्रह असतो. नाही काढत.

सगळ्यांच्याच कानात हा जिना सारखा चालत नाही हेही खरं. वय वाढलं की ग्रंथी कोरड्या पडतात, मळ टणक होतो, पुरुषांच्या कानातले केस जाड होतात आणि मळ त्यात अडकतो. कोणाची नळी मुळात अरुंद किंवा वाकडी असते. श्रवणयंत्र लावणाऱ्यांचा, दिवसभर इअरफोन घालणाऱ्यांचा मळ बाहेर यायला वाटच राहत नाही. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली मळाविषयीच्या मार्गदर्शक सूचना सुधारून काढल्या. त्यात दिलेलं प्रमाण असं, की साठून बसलेला मळ दहातल्या एका मुलात, विसातल्या एका प्रौढात आणि एक तृतीयांशाहून अधिक वृद्धांत सापडतो. आजी-आजोबा हल्ली टीव्हीचा आवाज मोठा करतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, म्हणून श्रवणयंत्र घ्यायला निघण्याआधी एकदा कान तपासा. काही जणांचं काम तेवढ्यावर भागतं.

आता बड. बडच्या कापसाचं टोक नळीच्या मानाने जाड असतं. ते आत घातलं की थोडासा मळ कापसाला लागून बाहेर येतो, तेवढा पिवळा डाग पाहून समाधान होतं, आणि बाकीचा दाबला जाऊन आत सरकतो. रोज थोडा थोडा. दुर्बिणीखाली असा कान पाहिला तर नळीची बाहेरची बाजू चकचकीत कोरडी आणि आत पडद्यासमोर घट्ट दाबलेलं काळपट बूच दिसतं. ते काढून ट्रेमध्ये ठेवलं की बाहेरच्या टोकाला बडच्या बोथट टोकाने पडलेला गोल खळगा स्पष्ट दिसतो. मी तो पेशंटला दाखवतो. बोलण्याने जे होत नाही ते त्या खळग्याने होतं, निदान काही महिने तरी.

दुसरं, खाज. "मळामुळे खाज येते म्हणून मी बड फिरवतो" असं लोक सांगतात. बहुतेकांच्या कानात उलटं घडत असतं. बडने तेलकट थर पुसून जातो, त्वचा कोरडी पडते, खाजते. खाजलं की पुन्हा बड. त्वचेला बारीक ओरखडे पडतात, त्यात जंतू जातात आणि एके रात्री कान असा ठणकतो की उशीला टेकवत नाही. ही खाज थांबवायला महिनाभर कानात काहीच न घालण्यासारखा उपाय नाही. पहिला आठवडा फार जड जातो, तेवढा काढायचा. फारच असह्य झालं तर डॉक्टरांकडून सौम्य औषध घ्या. सोरायसिस किंवा कोंड्याचा त्रास असलेल्यांची खाज मात्र वेगळी, तिला वेगळे उपचार लागतात.

१ जुलै २०२२ पासून आपल्याकडे प्लॅस्टिकच्या काडीचे बड बंद झाले, ते कचऱ्याच्या कारणाने, कानाच्या नव्हे. त्यांच्या जागी कागदाच्या आणि बांबूच्या काड्या आल्या. कागदाची काडी ओलसर कानात मऊ पडते आणि कापसाचा बोळा सुटून आतच राहतो. तो पेशंटला कळतही नाही. पंधरा दिवसांनी वास यायला लागतो तेव्हा कळतं.

काकूंच्या तेलाकडे येतो. त्यांचा राग नाही, माझ्याही घरी लहानपणी हेच होतं. साधं खोबरेल किंवा बदामाचं तेल दोन थेंब, पडदा शाबूत असलेल्या निरोगी कानात गेलं तर बिघडत काही नाही, कडक मळ थोडा मऊही होतो. अडचण तीन ठिकाणी येते. एक म्हणजे 'कोमट'. पळीत तापवलेलं तेल बोटाला कोमट लागतं, पण कानातली त्वचा बोटाच्या त्वचेपेक्षा कितीतरी पातळ असते. भाजलेले कान आम्ही पाहतो. लसूण वेगळीच, तिचा रस त्वचेला जाळतो आणि लसणीचे बारीक तुकडे तेलाबरोबर आत जाऊन बसतात. दुसरं, पडद्याला भोक असेल तर तेल मधल्या कानात उतरतं आणि सुकलेला कान पुन्हा वाहायला लागतो. तिसरं, आपलं हवामान. मे महिन्यात ४५ अंशांत सगळं नागपूर कूलरसमोर झोपतं, घाम आणि ओलसर हवा रात्रभर कानाला. त्यानंतर लगेच पावसाळा. ओलसर, तेलकट, बडने खरवडलेला कान म्हणजे बुरशीला आयतं घर. जुलै-ऑगस्टमध्ये मळ म्हणून आलेल्या कितीतरी कानांत पांढरट लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. ती ॲस्परजिलस नावाची बुरशी. तिच्यावर तेल किंवा मळाचे थेंब टाकत राहिलं तर ती वाढते. तिचा उपचार म्हणजे कान नीट साफ करून कोरडा ठेवणं आणि बुरशीविरोधी औषध. घरी बसून मळ कोणता आणि बुरशी कोणती हे ओळखता येत नाही.

मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांची बाटली उलटी करून घटक वाचा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या थेंबांत पॅराडायक्लोरोबेन्झीन, बेन्झोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल असं मिश्रण असतं. यातलं पहिलं रसायन स्वच्छतागृहात टाकायच्या वासाच्या गोळ्यांतही वापरतात. मळ मऊ करायचं काम ते करतं, पण त्वचा नाजूक असेल तर चुरचुरतं, आणि भोक असलेल्या पडद्यातून आत जाऊ देण्यासारखं ते नक्कीच नाही. सोडा-ग्लिसरीनचे थेंब जुने, स्वस्त आणि सौम्य. माझा कल त्यांच्याकडे असतो, मात्र ते वापरून कान थोडा कोरडा वाटू शकतो. कुठले थेंब सर्वांत चांगले, यावर २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष गमतीदार होता: थेंब घालणं हे काहीच न घालण्यापेक्षा बरं असावं, पण एका प्रकारचे थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, आणि साधं पाणी किंवा सलाइनही त्यांच्यापेक्षा वाईट ठरलं नाही. तेव्हा महागड्या बाटलीच्या मागे लागू नका.

डॉक्टरांनी पाहून थेंब चालतील असं सांगितलं, तर पद्धत अशी. बाटली मुठीत दोन मिनिटं धरून अंगाइतकी कोमट करा. गॅसवर नाही, गरम पाण्यात नाही. कुशीवर झोपवा, तो कान वर. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. चार-पाच थेंब सोडा, कानापुढचा छोटा उंचवटा बोटाने हलके दाबून सोडा, पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहू द्या. कापसाचा बोळा घट्ट कोंबू नका. हे दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच दिवस. या काळात कान आधीपेक्षा जास्त बंद वाटू शकतो, कारण मळ फुगतो. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर पेशंट दुसऱ्या दिवशी रागावून फोन करतात. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल बरेच जण विचारतात. फेस येतो, खळखळ आवाज येतो, काहीतरी भारी चाललंय असं वाटतं. पण वारंवार वापरलं तर त्वचेची आग होते. मी घरी वापरायला सांगत नाही.

थेंब अजिबात घालू नयेत असे कान: पूर्वी कधी वाहिलेला, पडद्याचं किंवा हाडाचं ऑपरेशन झालेला, सध्या दुखणारा किंवा वाहणारा. 'लहानपणी कान फुटला होता' एवढी आठवण असली तरी डॉक्टरला सांगा. नाक शिंकरताना कानातून हवा फुसकन बाहेर येत असेल किंवा थेंबांची चव घशात उतरत असेल, तर पडद्याला भोक आहे असंच समजा.

दवाखान्यात मळ काढायचे तीन मार्ग. पिचकारीने पाणी मारून, बारीक नळीच्या सक्शनने, किंवा हुक-चिमट्याने. कोणता वापरायचा ते कान पाहून ठरतं. पिचकारीचं पाणी ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाच्या तापमानाचं लागतं. थंड किंवा गरम असेल तर पेशंटला गरगरतं. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी पेशंटचे कान धुताना हीच तक्रार मनावर घेतली. गार पाण्याने डोळे एका दिशेला थरथरतात, गरम पाण्याने उलट्या दिशेला, हे त्यांनी पकडलं आणि तोल सांभाळणारा आतला कान तपासायची पद्धत त्यातून उभी राहिली. १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा ते रशियाच्या कैदेत युद्धबंदी होते. कानाच्या मळाशी इतक्या जवळून जोडलेलं दुसरं नोबेल नसावं.

साफ करताना मध्येच खोकल्याची उबळ आली तर घाबरू नका. घशाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक फांदी कानाच्या नळीतही असते, तिला धक्का लागला की खोकला येतो. क्वचित एखाद्याला घेरी येते. म्हणून उपाशीपोटी येऊ नका. मधुमेहींना तर मी हे बजावूनच सांगतो.

सासऱ्यांच्या बाबतीत मी स्वतः पिचकारी टाळेन, सक्शन किंवा हुकाने कोरडंच काढेन. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाच्या कानात साधं पाणी गेलं, त्वचेला एखादा ओरखडा पडला, की स्यूडोमोनास नावाचा जिवाणू तिथे ठाण मांडू शकतो आणि संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोहोचतो. हा आजार रोज दिसत नाही, पण दिसतो तेव्हा पेशंट आठवडेच्या आठवडे प्रतिजैविकांवर असतो. त्याची खूण: कान साफ केल्यानंतर किंवा कोरल्यानंतर सुरू झालेलं, रात्री झोपू न देणारं, साध्या गोळीला न जुमानणारं दुखणं. सोबत चेहरा वाकडा झाला तर एक तासही घालवू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो रुग्णालय आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे ईएनटी विभाग आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर नुसता मळ दाखवायलाही तिथल्या ओपीडीत जायला संकोच नको. सकाळी लवकर जा, चिठ्ठीच्या रांगेत वेळ जातो.

मुलाला सांगा, ते कॅमेऱ्याचं कानकोरणं मागवू नकोस. कॅमेरा असल्यामुळे आत दिसतं, पण दिसणं आणि हाताला अंदाज येणं यात फार अंतर आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर सपाट चित्र दिसतं, खोली कळत नाही. घरात कोणी मागून धक्का दिला, लहान मूल अंगावर आलं, की काम तमाम. आम्ही दोन्ही डोळ्यांनी दुर्बिणीतून पाहतो ते या खोलीसाठीच. सीताबर्डीच्या फुटपाथवर, एसटी स्टँडच्या बाहेर, जत्रा-उरुसात कानातून 'खडा' काढून दाखवणारे बसतात, त्यांच्याबद्दल एवढंच, की कानात खडे तयार होत नाहीत. जो हातावर ठेवतात तो त्यांच्याच बोटांत असतो. आणि तीच सळई एका कानातून दुसऱ्या कानात फिरते. कानात पेटती मेणबत्ती धरून मळ ओढून काढायचा प्रकारही आता स्पा-पार्लरमधून आला आहे. त्यात ओढबीढ काही होत नाही, नंतर आत सापडतं ते मेण मेणबत्तीचंच असतं. चेहरा भाजल्याच्या आणि पडद्यावर मेण सांडल्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध कधीच इशारा दिलेला आहे.

नागपूरकरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. "कान भरला, मळ काढून द्या" म्हणून तिशी-चाळिशीतला माणूस येतो. कान पाहतो तर लख्ख. मग तोंड उघडायला सांगतो, आणि दोन बोटंही आत जात नाहीत. कारण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीने तोंडाची आतली त्वचा आखडते, त्याबरोबर टाळूचे स्नायूही. नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी याच स्नायूंच्या ओढीने उघडते. ती नीट उघडेनाशी झाली की कानाला दडा. असे पेशंट महिनोन्महिने कानात थेंब घालत असतात. कान स्वच्छ असून एकाच बाजूचा सतत दुखत असेल आणि माणूस खर्रा-तंबाखू खाणारा असेल, तर जीभ, टॉन्सिल आणि घसा तपासल्याशिवाय आम्ही त्याला सोडत नाही. तिथल्या गाठीचं दुखणं कानात जाणवतं. घरात असं कोणी असेल तर त्यालाही सासऱ्यांबरोबर घेऊन जा.

आता तुमची मुलगी. बड बंद करा, आजपासून. मुलांची नळी आखूड असते, पडदा जवळ असतो आणि मूल नेमक्या वेळी मान वळवतं. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात बडमुळे कानाला इजा होऊन १८ वर्षांखालची सुमारे २ लाख ६३ हजार मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आली. त्यातल्या बहुतेकांना इजा झाली ती कान साफ करतानाच. बाहेर दिसेल तेवढा मळ ओल्या फडक्याने पुसा, पुरे. चार वर्षांची मुलं आई काय करते ते पाहून तेच करतात, त्यामुळे डबी हाताला लागेल अशी ठेवू नका. आणि ही मुलं मळापेक्षा वेगळाच उद्योग करतात: हरभरा, वाटाणा, मणी कानात घालतात. दाणा गेला असेल तर पाणी किंवा थेंब टाकू नका, तो फुगतो. खेळण्यातली किंवा घड्याळातली चपटी गोल बॅटरी गेली असेल तर काहीही न टाकता तासाभरात रुग्णालय गाठा, ती आत त्वचा जाळते. जिवंत किडा गेला आणि मूल किंचाळत असेल, पडद्याला भोक नाही याची खात्री असेल, तर मात्र खोबरेल तेलाचे काही थेंब टाकून किडा आधी मरू द्यायचा, मग डॉक्टरकडून काढून घ्यायचा. इथे तेल उपयोगी पडतं, काकूंना हे सांगायला हरकत नाही.

सासऱ्यांच्या कानात मळच निघाला आणि तो काढला, तर लगेच सगळं मोठ्याने ऐकू येईल, पंख्याचा आवाजही खुपेल. दोन-चार दिवस अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा, आत ढकलायचा नाही. मळ काढून घेऊनही ऐकू पूर्ण आलं नाही, तर तिथेच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, 'वयामुळे असेल' म्हणून परत येऊ नका. ज्यांना मळ वारंवार साठतो त्यांनी सहा महिने ते वर्षातून एकदा दाखवावं. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तर आठवड्यातून एकदा दोन थेंब साधं तेल चालेल, एवढं काकूंच्या बाजूने.

जाताना साखरेचा अलीकडचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी घ्या. त्यात रक्त पातळ करायची गोळी असेल तर हुक लावायच्या आधीच सांगा, कारण नळीची त्वचा जराशा स्पर्शाने रक्ताळते. श्रवणयंत्र असेल तर तेही घ्या, त्याच्या टोकाला मळ भरलेला असतो. आणि मेडिकलवाल्याने दिलेली बाटली न उघडता तशीच पिशवीत टाका. पडदा शाबूत दिसला आणि मळ फारच टणक निघाला, तर कदाचित तेच थेंब चार दिवस घालायला सांगतील.